पाट कुठे मांडायचा?

दामूशास्त्री कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचतात. डासांच्या कॉइलचंसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी टेबलफॅन आणला आणि तो बारा दिवस खोक्यातच राहिला, कारण पंखा जमिनीवर ठेवायचा की उंचावर, हे पत्रकात नव्हतं. बनारसच्या मे महिन्यातले बारा दिवस. शास्त्रीबुवा उघड्या अंगानं त्याच पत्रकानं वारा घेत बसले आणि तेराव्या दिवशी त्यांनी कंपनीला पोस्टकार्ड टाकलं, की आपला पंखा चांगला असेलही, पण पाट कुठे मांडायचा ते आपण सांगितलेलं नाही. कंपनीचं उत्तर आलं नाही. ते कार्ड तिथं कुणाला समजलं असेल, असंही मला वाटत नाही.

पाट कुठे मांडायचा, हे त्यांचं पालुपद आहे. शास्त्रीबुवा भिक्षुकी करतात. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन, श्राद्धं करायला जी माणसं काशीला येतात, त्यांच्यासाठी त्यांचं घराणं सहा पिढ्या मणिकर्णिकेवर उभं आहे. त्यांच्या मते जगात लिहिणाऱ्यांच्या दोन जाती. एक, जो आधी पाट कुठे मांडायचा, तोंड कुठं करायचं, पळी कुठल्या हाताशी ठेवायची ते सांगतो आणि मग मंत्राकडे वळतो. दुसरा, जो थेट मंत्रापासून सुरू करतो. दुसऱ्या जातीला ते विद्वान म्हणतात आणि हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो.

"लिहिणाऱ्याला वाटतं, इतकं तर सगळ्यांना पता असतं," ते म्हणतात. "अहो, पता असतं तर तो बिचारा वाचायला कशाला बसला असता?"

मी बँकेतला माणूस. बदलीनं इथं आलो आणि दूधविनायकात शास्त्रीबुवांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. माझं आडनाव शिंदे, पण मी साताऱ्याचा म्हणून पहिल्या दिवसापासून ते मला सातारकर म्हणतात. आधीचे भाडेकरू अकोलकर होते. त्यांचं खरं नाव काय होतं, ते गल्लीत कुणालाच सांगता आलं नाही. शास्त्रीबुवांची मराठी घरात शिकलेली आणि गल्लीत वापरलेली, त्यामुळे तिच्यात पाऊण वाक्य पेशव्यांच्या वेळचं आणि पाव वाक्य समोरच्या पानवाल्याचं असतं. सुरुवातीला मला हसू यायचं. आता मीही बायकोला "जरा देखा तर" म्हणतो आणि ती कपाळाला हात लावते.

त्यांची एक गोष्ट सांगतो, ती पुढे लागणार आहे. एकदा नागपूरचे एक गृहस्थ घाटावर वडिलांचं श्राद्ध करायला बसले. गुरुजी नको म्हणाले, छापील पुस्तक हातात होतं. पोथीत जिथं करणाऱ्याचं आणि गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं, तिथं "अमुक" असं छापलेलं असतं. अमुक गोत्र, अमुक नाव. वाचणाऱ्यानं तिथं आपलं घालायचं. गृहस्थांनी खणखणीत आवाजात जसंच्या तसं वाचलं, की अमुक गोत्राचा मी अमुक, माझ्या अमुक नावाच्या वडिलांना हे पाणी देतो. पुढचं "येथे पाणी सोडावे" हेही त्यांनी हात जोडून मंत्रासारखं म्हटलं आणि पाणी सोडायचं तेवढं राहून गेलं. शास्त्रीबुवा वरच्या पायरीवर बसले होते. ते खाली उतरले, त्या माणसाच्या शेजारी बसले आणि सगळं पुन्हा करून घेतलं, नावानिशी. नंतर मला म्हणाले, दोष त्याचा नाही, पुस्तकवाल्याचा आहे. नाव घातल्याशिवाय ते कुणालाच पोचत नाही, एवढी एक ओळ वर छापायला काय झालं होतं?

आता मूळ गोष्ट. मागच्या माघात काकू गेल्या, म्हणजे शास्त्रीबुवांच्या पत्नी. त्यांची एकुलती एक मुलगी वसुधा आजारपणात तीन महिने इथं येऊन राहिली होती. ती बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे आणि तिचं काम म्हणजे कंपनीचे प्रोग्राम कसे वापरायचे याच्या सूचना लिहिणं. बाप आयुष्यभर ज्या पत्रकांना नावं ठेवत आला, ती मुलगी लिहिते. ती खालच्या खोलीत आईच्या उशाशी बसून दिवसभर लॅपटॉपवर तेच करत असे.

काकू गेल्या त्या सकाळी वसुधा म्हणाली, अग्नी मी देणार. शास्त्रीबुवा म्हणाले, आपल्यात रिवाज नाही. ती म्हणाली, औषध मी दिलं, आंघोळ मी घातली, तेव्हा रिवाज कुठं होता? त्यांनी ग्वाल्हेरच्या पुतण्याची वाट पाहिली आणि त्याच्या हातून सगळं केलं. मी तिथं होतो. मला त्या दिवशी शास्त्रीबुवांचा राग आला होता, आणि मी भाडेकरू असल्यामुळे तो गिळला. तेरावा झाल्यावर वसुधा निघून गेली. तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं नाही. ती दर रविवारी माझ्या बायकोला फोन करते आणि बाबा जेवतात का, एवढं विचारून ठेवते.

तर दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी शास्त्रीबुवा जिना चढून वर आले. मी बँकेत आहे म्हणजे मला संगणकातलं सगळं कळतं, असा त्यांचा समज आहे. वस्तुस्थिती अशी, की मला बँकेचा एक प्रोग्राम येतो आणि तो बंद पडला की मी चहाला जातो. ते म्हणाले, "सातारकर, मला ते तारेवालं लिखाण शिकायचं आहे."

तारेवालं म्हणजे काय, हे कळायला मला एक कप चहा लागला. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे मारले की शब्द ठळक होतो. ओळीच्या आधी जाळीची, म्हणजे हॅशची, खूण टाकली की ओळ मथळा होते. वसू दिवसभर तसंच लिहायची, त्यांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं होतं. याला मार्कडाउन म्हणतात, हे मी दुसऱ्या दिवशी बँकेत विचारून आलो. मी त्यांना सांगितलं, पोथी टाइप करायची असेल तर याहून सोपे मार्ग आहेत, बटण दाबलं की अक्षर ठळक. ते म्हणाले, नको. जिला वाचायचं आहे ती हेच वाचते. माघातल्या तिथीच्या आत झालं पाहिजे. एवढं बोलून ते आकाशकंदिलाकडे बघत बसले आणि मला जे समजायचं ते समजलं.

मग आम्ही नवशिक्यांसाठी लिहिलेलं माहितीपत्रक शोधायला लागलो. इंटरनेटवर अशी पत्रकं ढिगानं आहेत आणि प्रत्येकावर "नवशिक्यांसाठी" असं लिहिलेलं आहे. पहिलं इंग्रजीत होतं, चांगलं जाडजूड. मी ते छापून आणलं. शास्त्रीबुवा रोज सकाळी गंगास्नान करून राजा घाटाच्या पायऱ्यांवर ते कागद घेऊन बसू लागले. इंग्रजी त्यांना शब्दकोश घेऊन येतं. पहिली चार पानं दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजे काय, यावर होती. "मोकळी जागा म्हणजे काय हे ठरवायला चार पानं," ते म्हणाले, "हा आमच्या न्यायशास्त्रवाल्यांपैकी कुणी आहे." विद्वान, असा निकाल देऊन त्यांनी ते कागद माघारी दिले.

दुसरा होता हिंदीतला व्हिडिओ. त्यातले मिशीवाले गृहस्थ दर दोन वाक्यांनी म्हणत, ये तो आप जानते ही हैं. शास्त्रीबुवा दर वेळी पडद्याला सांगत, नाही जानत. तिसऱ्याचं नाव होतं पाच मिनिटांत शिका. ते अकरा दिवस चाललं.

त्या अकरा दिवसांतच एक घोटाळा झाला. छपाईवाले नमुना दाखवताना जागा भरायला एक अर्थ नसलेला लॅटिन मजकूर टाकतात, तो या पानावर जागोजागी होता. शास्त्रीबुवांच्या शास्त्रात नमुना म्हणजे पाठ, आणि पाठ म्हणजे जसाच्या तसा घोकायचा. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि खालून ते लॅटिन ऐकू आलं, चक्क स्वर लावून, मान हलवत. त्यांना वाटलं होतं, हे म्हटल्याशिवाय पुढचं लागू पडत नसेल. मी खाली जाऊन समजावलं, की याला अर्थ नाही, इथं आपण आपला मजकूर घालायचा असतो. 

"म्हणजे अमुक," ते म्हणाले. "आणि हे कुणी वर लिहिलं का नाही?"

महिना गेला आणि पहिला मथळासुद्धा झाला नाही. खरी अडचण शेवटी त्यांनीच बोट ठेवून दाखवली. सगळी पत्रकं सांगत होती, की जाळीची खूण टाका, तारे टाका. पण कशात टाका? कुठलं पान उघडायचं? ते कुणीच सांगत नव्हतं. मी नीट पाहिलं तर खरंच नव्हतं. आणि मलाही ते माहीत नव्हतं, हे मी इथं कबूल करतो, त्यांच्यापाशी केलं नाही.

मार्गशीर्ष संपत आला. शास्त्रीबुवा बोलेनासे झाले. आधी कागद परत देताना ते लेखकाचा उद्धार करत, आता नुसते पायरीवर ठेवून जात. एकदा म्हणाले, आमच्या वयाला नाही जमायचं ते, राहू दे. हा माणूस पंख्याशी बारा दिवस झगडला होता, त्यानं राहू दे म्हणावं हे मला बरं वाटलं नाही. रविवारी वसुधाचा फोन आला तेव्हा मी बायकोच्या हातून तो घेतला आणि सांगून टाकलं, की तुमचे बाबा तारेवालं लिखाण शिकतायत आणि अडलेत. नवशिक्याला कळेल असं काही आहे का तुमच्याकडे?

 मग तिनं विचारलं, कुठं अडलेत? मी म्हणालो, पाट कुठं मांडायचा, तिथं. ती हसली की आणखी काही, ते फोनवर कळलं नाही. तीन दिवसांनी मला एक पान आलं. मराठीत. वर नाव नाही, खाली नाव नाही.

मी ते छापलं आणि नेटवर सापडलं म्हणून शास्त्रीबुवांना दिलं. त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतलं. "आधी पाट मांडू," अशी पहिली ओळ होती. त्यांचा आवाज तिथं थांबला. पुढे होतं, की लॅपटॉप उघडल्यावर खाली डावीकडे बोट न्या, तिथलं कोरं पान उघडा, हा आपला पाट. मग एकेक पायरी. एकदा एंटर दाबून नवा परिच्छेद होत नाही, दोनदा दाबा. क्रमवार यादी करायची तर पहिला आकडा तुम्ही द्या, पुढचे काहीही टाकले तरी यंत्र आपलं आपण नीट मोजतं. शेवटी होतं, "चुकलं तरी काही बिघडत नाही. मागे जाऊन दुरुस्त करता येतं."

ही शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मनातल्या मनात. मग विचारलं, कुणी लिहिलंय? मी म्हणालो, नाव नाहीये, नेटवर असंच असतं. ते म्हणाले, लिहिणारा विद्वान नाही. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

त्यानंतर काम झपाट्यानं चाललं. माझा जुना लॅपटॉप खाली गेला. शास्त्रीबुवा सोवळं सोडून, चष्मा लावून, एका बोटानं टाइप करायला बसत. खुणांचं त्यांना फारसं अवघड गेलं नाही. त्यांच्या घरच्या जुन्या पोथ्यांत मंत्र काळ्या शाईनं आणि कृती लाल शाईनं लिहिलेली असते. लाल ते करायचं, म्हणायचं नाही. तारे म्हणजे आमची लाल शाई, एवढं म्हणून त्यांनी ते प्रकरण मिटवलं. मला पडदा मात्र बघू देत नसत. मधेच एकदा त्यांनी काकूंच्या निळ्या सुती पातळाची वीतभर रुंदीची लांब पट्टी फाडून आणली आणि माझ्या बायकोला विचारलं, जरा काठ दुमडून शिवून देता का? तिनं कशाला म्हणून विचारलं नाही, शिवून दिली. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरचा पुतण्या फोनवर वर्षश्राद्धाला यायचं म्हणत होता. शास्त्रीबुवा त्याला म्हणाले, इकडे ठंड फार आहे, तू नको येऊ.

पौष संपायच्या सुमाराला ते वर आले, लॅपटॉप पाटावर ठेवून आणल्यासारखा दोन्ही हातांत धरून. म्हणाले, झालं, पाठवून द्या.

"कुणाला?"

"जिथून ते पान आलं, तिथं."

मी लॅपटॉप घेतला. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. पाठवण्याआधी मी ते उघडलं, आणि उघडलं ते वाचलंही. वर जाळीची खूण टाकून मथळा होता: आईचं वर्षश्राद्ध. खाली लिहिलं होतं, की हे करणारी मुलगी पहिल्यांदाच करते आहे असं धरून लिहिलं आहे. मग क्रमवार यादी. किती तीळ, किती पाणी, पळी कशी धरायची, सगळं. एका कलमात होतं, की इथं जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं असतं. तुला जानवं नाही. आईच्या पातळाची पट्टी ठेवली आहे, ती घे. संकल्पात जिथं म्हणून "अमुक" यायला हवं, तिथं तो शब्द एकदाही नव्हता. प्रत्येक ठिकाणी वसुधा होतं, ठळक, दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे मारून. शेवटचं कलम श्राद्धाचं नव्हतं. "माझ्याकडून गेल्या वर्षी एक चूक झाली. मागे जाऊन दुरुस्त करता येतं, असं एका पानावर वाचलं."

माझा राहिलेला राग तिथं संपला. पण बँकेतल्या माणसाची नजर आकड्यांवर जातेच. यादी दोनपासून सुरू होत होती. एक नंबरच नव्हता. मी म्हणालो, शास्त्रीबुवा, पहिला आकडा चुकलाय, यंत्र दोनपासून मोजतंय, दुरुस्त करू का? ते जिन्याकडे वळले होते. म्हणाले, राहू द्या तसंच. मला वाटलं, थकले असतील. मी पाठवून दिलं.

चार दिवस काही आलं नाही. शास्त्रीबुवा रोज बँकेच्या वेळेआधी जिन्याखाली उभे राहत आणि हवेबद्दल बोलत. पाचव्या दिवशी, रविवार नसताना, फोन वाजला. वसुधा होती. मला म्हणाली, काका, बाबांनी एक नंबरची पायरीच लिहिलेली नाही. सगळं आहे, पण पाट कुठे मांडायचा ते नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना पोस्टकार्डं लिहिली आणि स्वतःच विसरले. एवढं बोलताना तिचा आवाज दोनदा बदलला.

मी फोन घेऊन खाली गेलो. शास्त्रीबुवा तुळशीला पाणी घालत होते. मी सांगितलं, वसुधा विचारतेय, तुम्ही पहिली पायरी विसरलात म्हणते.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "ती तिनं विचारावी म्हणून ठेवली होती."

त्यांनी तांब्या खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि फोन घेतला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. शास्त्रीबुवांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "पाट ना? मधल्या खोलीत. आईची खाट होती तिथं. तोंड दक्षिणेला." तिनं आणखी काही विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "हो, इथंच. दुसरीकडे कुठं?"

फोन माझ्या हातात देताना त्यांनी नाक पंच्याच्या टोकानं पुसलं. मग तांब्या उचलला, अर्धं पाणी तुळशीत आणि अर्धं स्वतःच्या पायावर ओतलं आणि मला म्हणाले, "सातारकर, बंगळूरहून गाडी किती वाजता पोचते, जरा देखा तर. आणि स्टेशनातून बाहेर कुठल्या दारानं यायचं, तेही तिला लिहा. वेळापत्रकं ते कधी सांगत नाहीत."